काचेआडचं ऊन

हेलिओस एअरवेजच्या फ्लाइट ५२२ ची हकीकत वाचताना एक प्रश्न मनात रुतून बसतो. १४ ऑगस्ट २००५ ची सकाळ. लार्नाकाहून अथेन्सला निघालेलं बोइंग ७३७-३०० वर चढत होतं आणि कॅप्टन कंपनीच्या रेडिओवरून जमिनीवरच्या इंजिनिअरशी बोलत होता. प्रेशरायझेशनचं, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब राखणारं पॅनेल ऑटोवर आहे ना, ते बघा, असं इंजिनिअरने सुचवलं. कॅप्टनने त्यावर काहीच सांगितलं नाही. उलट त्यानेच विचारलं, माझ्या इक्विपमेंट कूलिंगचे सर्किट ब्रेकर कुठे आहेत? ते त्याच्याच खुर्चीच्या मागे होते. आदल्या रात्री मागच्या दाराबद्दल तक्रार आली होती, ती तपासताना प्रेशरायझेशनचा सिलेक्टर मॅन्युअलवर नेला गेला आणि तसाच राहिला. उड्डाणापूर्वीच्या आणि उड्डाणानंतरच्या चेकलिस्टमधूनही तो निसटला. १२,००० फुटांवर भोंगा वाजला. हाच भोंगा जमिनीवर वाजला तर टेकऑफची मांडणी चुकली असा अर्थ होतो, हवेत वाजला तर केबिनमधला दाब गेला असा. कॅप्टनने पहिला अर्थ धरला, जो हवेत असताना संभवतच नाही. पुढे १८,००० फुटांच्या आसपास प्रवाशांच्या डोक्यावर ऑक्सिजनचे मास्क लोंबायला लागले. विमान तसंच चढत राहिलं. १२१ जणांपैकी कोणीही वाचलं नाही.

मला टोचतो तो इक्विपमेंट कूलिंगचा दिवा. उपकरणांना गार ठेवणारे पंखे बिघडलेले नव्हतेच. हवा विरळ झाली, पंख्यांतून जाणाऱ्या हवेचं वजन घटलं आणि सेन्सरने कूलिंग बंद पडलं असं गृहीत धरून दिवा लावला. म्हणजे यंत्रणा तिच्या परीने खरंच सांगत होती की इथली हवा पातळ झाली आहे. ते ओळखणारा मेंदू मात्र तीच पातळ हवा घेत होता. कॅप्टन झोपलेला नव्हता, बेफिकीर नव्हता. तो काम करत होता, मन लावून, पण एकाच दिव्यावर. सजगता जाते म्हणजे माणूस पेंगायला लागतो, अशी आपली समजूत असते. बऱ्याचदा आधी नजर अरुंद होते आणि त्या अरुंद पट्ट्यात माणूस पूर्वीपेक्षा जास्त मेहनत घेताना दिसतो.

ऑक्सिजन गेला तर हे काही मिनिटांत घडतं. उकाडा हेच काम तासाभरात करतो, आणि त्यासाठी कुठलाही भोंगा नसतो.

मे महिन्यातली नागपूरची दुपार घ्या. बाहेर ४४ अंश, विमानं उभी राहतात त्या एप्रनचं काँक्रीट त्याहून कितीतरी तापलेलं. विमान येऊन थांबतं, इंजिनं बंद होतात, प्रवासी उतरतात. नाकाडातल्या त्या लहानशा खोलीला, म्हणजे कॉकपिटला, सहा काचा असतात, पुढे दोन आणि बाजूंना दोन-दोन, आणि आकाराच्या मानाने विमानातल्या कुठल्याही भागापेक्षा इथे काच जास्त. ऊन आत येतं, करड्या-काळ्या पॅनेलवर, खुर्चीच्या कव्हरवर मुरतं आणि उष्णता म्हणून आतच अडकतं. शिवाय समोरचे स्क्रीन, डोक्यावरचं पॅनेल, खाली इलेक्ट्रॉनिक्सच्या कप्प्यातले डझनावारी कॉम्प्युटर, सगळे विजेवर चालतात आणि घेतलेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. बंद ठेवलेल्या विमानाचं कॉकपिट अशा दुपारी सहज पन्नाशी ओलांडतं. पट्ट्याचं धातूचं बकल उघड्या बोटांनी धरवत नाही. अशा जागेत बसून पुढच्या अर्ध्या तासात इंधनाचा हिशेब, टेकऑफचे वेग, धावपट्टीची लांबी, हवामान आणि क्लिअरन्स हे सगळं दोघांना बिनचूक करायचं असतं. त्यातही गरम हवा विरळ असल्याने टेकऑफचा हिशेब नेमका याच दिवशी काटेकोर करावा लागतो. चुकीला जागा सगळ्यात कमी असते त्या दुपारी डोकं सगळ्यात जड असतं, हा योग मला कधीच किरकोळ वाटलेला नाही.

हा उकाडा घालवणारं यंत्र म्हणजे पॅक. विमानाच्या पोटात, पंखांच्या मुळाशी असे दोन पॅक असतात. इंजिनाच्या किंवा एपीयूच्या, म्हणजे शेपटीतल्या लहान सहाय्यक इंजिनाच्या, कॉम्प्रेसरमधून दाबाखालची गरम हवा काढतात, तिला ब्लीड एअर म्हणतात. इंजिन चालू असताना ती साधारण २०० अंशांवर आणून पॅकमध्ये सोडतात. तिथे ती एका हीट एक्स्चेंजरमधून जाते, बाहेरून घेतलेली रॅम एअर तिची उष्णता ओढून नेते. मग एक छोटा कॉम्प्रेसर तिला पुन्हा दाबतो, दुसरा हीट एक्स्चेंजर पुन्हा गार करतो, तिच्यातलं पाणी वेगळं काढलं जातं आणि शेवटी टर्बाइनमधून प्रसरण पावताना ती एकदम गारठते. यात गॅसची टाकी नाही, घरच्या एसीसारखा गॅस भरायचा प्रश्न नाही. पण सगळी मदार दोन गोष्टींवर: आत येणारी ब्लीड एअर भरपूर हवी आणि हीट एक्स्चेंजरवरून वाहणारी बाहेरची हवा गार हवी. आकाशात दोन्ही मिळतात. जमिनीवर रॅम एअर वेगाने आत शिरत नाही, पॅकचा स्वतःचा पंखा ती ओढतो, आणि ओढतो ती तापलेल्या काँक्रीटलगतची, कधी शेजारच्या विमानाने सोडलेली गरम हवा. म्हणून पॅक सर्वांत दुबळा असतो तो जमिनीवर, नेमका गरज सर्वांत जास्त असते तेव्हा.

बिघडतं काय, तेही तपशिलात पाहण्यासारखं आहे. धुळीच्या गावी उतरणाऱ्या विमानांत हीट एक्स्चेंजरच्या पातळ पात्यांमध्ये माती, तंतू, किडे बसतात. पॅक चालू दिसतो, दिवा कुठलाच लागत नाही, पण सुटणारी हवा हवी तेवढी गार नसते. दुसरा बिघाड ट्रिम एअरचा. एअरबस ए३२० मध्ये कॉकपिट, पुढची केबिन आणि मागची केबिन असे तीन विभाग असतात, प्रत्येकाचं बटण १८ ते ३० अंशांपर्यंत फिरतं, मधोमध २४. ज्या विभागाने सर्वांत गार हवा मागितली असेल त्या तापमानाची हवा पॅक सोडतात आणि बाकीच्या विभागांच्या नळीत ट्रिम एअरच्या व्हॉल्व्हमधून थोडी गरम हवा मिसळतात. आता कॉकपिटच्या नळीवरचा हा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर केबिनमध्ये प्रवासी शाल मागतात आणि कॉकपिटमध्ये पायाशी गरम झोत येत राहतो. नळीतलं तापमान ८८ अंशांवर गेलं की यंत्रणा स्वतःच गरम हवा तोडते आणि फॉल्टचा दिवा लावते. पण ८८ पर्यंत न पोचणारी गळती असली, म्हणजे नळीत पन्नास-साठ अंशांची हवा तासभर येत राहिली, तर दिवा लागायचं कारणच नाही. अशा वेळी हॉट एअरचं बटण बंद करून सगळे विभाग एकाच गार हवेवर चालवता येतात. केबिनला थोडं गारठायला होईल, होऊ दे. तिसरा बिघाड सेन्सरचा. तो खोलीतली हवा मोजतो, अंगावरचं ऊन मोजत नाही. पश्चिमेला तोंड करून तासभर उडताना स्क्रीनवर २४ दिसतात आणि डाव्या खुर्चीतल्या माणसाच्या मांड्या भाजत असतात. जाळीवर धूळ बसली किंवा सेन्सरवरून हवा खेळती राहिली नाही, तर तो आकडाही जुनाच दाखवत बसतो.

एपीयू बंद असलेलं विमान उडवायला परवानगी असते. कुठला भाग बंद असताना विमान सोडता येतं याची यादी म्हणजे मिनिमम इक्विपमेंट लिस्ट, बोलीत एमईएल. त्यात सी वर्गात नोंदवलेली दुरुस्ती दहा दिवस पुढे ढकलता येते. बोइंग ७३७ मध्ये एकच पॅक चालू असेल तर २५,००० फुटांच्या वर जायचं नाही, अशा अटी त्यात असतात आणि त्या रास्तच आहेत. पण एपीयू नाही म्हणजे इंजिन सुरू होईपर्यंत ब्लीड एअर नाही, म्हणजे पॅक नाहीत, म्हणजे सगळी भिस्त बाहेरून जोडायच्या गार हवेच्या गाडीवर. ती गाडी मोठ्या विमानतळावर मिळते, लहानावर मिळेलच असं नाही, मिळाली तरी तिची पिवळी जाडजूड नळी कुठेतरी फाटलेली असते. यादीत बसतं म्हणून विमान सुटतं. यादी विमानाचं बघते. चाळीस मिनिटं त्या खोलीत घाम गाळून बसलेल्या दोघांचं काय होतं, ते बघायला तिच्यात रकाना नाही. भारतात डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाच्या, ड्युटीच्या नियमांत तास मोजतात, रात्रीची लँडिंग मोजतात, आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली, हे चांगलंच झालं. पण चार सेक्टरची, म्हणजे चार उड्डाणांची, मे महिन्यातली दुपार आणि चार सेक्टरची डिसेंबरची दुपार त्या हिशेबात अजून सारखीच धरली जाते.

शरीराकडून पाहिलं तर गणित सोपं आहे. आतलं तापमान ३७ अंशांवर धरून ठेवायचं म्हणून शरीर रक्त कातडीकडे वळवतं आणि घाम काढतं. कामात असलेला माणूस उकाड्यात तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. ७० किलोच्या माणसाचे २ टक्के म्हणजे १ किलो ४०० ग्रॅम, आणि तेवढं पाणी गेलं की लक्ष आणि अल्पकालीन स्मृती डगमगायला लागतात. तहान त्या सुमाराला कुठे नीट जाणवते. म्हणजे तहान लागली की पिऊ, हे धोरण मुळातच उशिराचं. पायलट मंडळी पाणी कमी पितात याचं कारणही सगळ्यांना माहीत आहे, पण त्यावर फारसं बोललं जात नाही. कॉकपिटमधून बाहेर जायचं म्हणजे केबिन क्रूला फोन, दारासमोरची जागा मोकळी करणं, आत एकाला बोलावून बसवणं, मग दार उघडणं. दीड तासाच्या उड्डाणात हे सोपस्कार नकोत म्हणून माणूस सकाळपासून घोटावर घोट टाळतो. लढाऊ विमानात तर तीही सोय नाही. वर उंचीवर केबिनमधली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली असते, तिथे घाम दिसत नाही, वाळून जातो, आणि पाणी मात्र जातच राहतं. पाव लिटर दर अर्ध्या तासाला, बसण्याआधीपासून, आणि दिवसभर घामच गाळायचा असेल तर त्यात मीठ-साखर, एवढा साधा उपाय आहे. तो पाळला जावा यासाठी दार उघडायचे सोपस्कार करायला कुणालाही संकोच वाटू नये, हे मला पाण्याच्या बाटलीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

मेंदूचं काय होतं, याचा सर्वांत जुना आणि अजूनही टिकलेला पुरावा विमानाच्या जवळचाच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केंब्रिजमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी वायरलेस ऑपरेटरना वेगवेगळ्या उष्ण-दमट हवेत बसवून मोर्सचे संदेश उतरवून घ्यायला लावले. तापमान वाढत गेलं तसतशा चुका थोड्या थोड्या वाढल्या नाहीत. एका मर्यादेपर्यंत फारसा फरक दिसला नाही आणि ती ओलांडल्यावर चुका भराभर वाढल्या. मुरलेले ऑपरेटर उशिरा घसरले, नवखे लवकर. त्यांचाच दुसरा प्रयोग घड्याळाचा: काटा ठराविक टप्प्याने पुढे सरकतो, क्वचित एकदा दुप्पट उडी मारतो, ती उडी ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या चुकवायला लागली. आधुनिक कॉकपिट म्हणजे दुसऱ्या प्रयोगातलं काम पहिल्या प्रयोगातल्या हवेत करणं. ऑटोपायलट उडवतो, माणूस पहारा देतो. उकाड्यात हातांची साधी कामं टिकतात, रेडिओला उत्तर देणं टिकतं, आवाजही नेहमीसारखाच राहतो. आधी जातं ते दोन गोष्टींवर एकाच वेळी लक्ष ठेवणं, न वाजलेली गोष्ट लक्षात येणं, आपण धरलेला अर्थ चुकीचा असेल अशी शंका घेणं. आणि चिडचिड वाढते. फर्स्ट ऑफिसरने हळूच काढलेला मुद्दा कॅप्टनच्या एका हुंकारात संपतो.

अनुभवी माणूस उशिरा घसरतो, यातच एक फसवणूक दडलेली आहे. त्याचं सगळं सुरळीत चाललेलं असतं, त्यामुळे आपल्याला उकाडा बाधत नाही असं त्याला मनापासून वाटतं.

म्हणूनच, कसं वाटतंय यावर विसंबू नये, मोजावं. लढाऊ विमानांसाठी अमेरिकन हवाई दलाच्या वैद्यकीय संशोधकांनी १९७९ मध्ये एक निर्देशांक बसवला, फायटर इंडेक्स ऑफ थर्मल स्ट्रेस, थोडक्यात फिट्स. स्वच्छ उन्हासाठी त्याचं सूत्र तोंडी करण्याजोगं आहे. वेट बल्ब तापमान, म्हणजे बुडाला ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरवरचा आकडा, त्याची ०.८३ पट. नेहमीच्या तापमानाची ०.३५ पट. त्यात ५ मिळवायचे. आलेली बेरीज कॉकपिटमध्ये काय सोसावं लागेल याचा अंदाज देते. आता दोन गावं घेऊन पाहा. नागपूर, कोरडी हवा, तापमान ४४, वेट बल्ब २४. बेरीज साधारण ४०. मुंबई, मे महिनाच, तापमान ३४, पण वेट बल्ब २८. बेरीज पुन्हा साधारण ४०. तापमानात दहा अंशांचा फरक आणि शरीरावरचा भार तेवढाच. नागपूरच्या उन्हाला सगळे घाबरतात, टोप्या घालतात, पाणी बरोबर घेतात. मुंबईच्या ३४ ला कोणी मोजत नाही. घाम निथळत राहतो, वाळत नाही, म्हणजे गारही करत नाही, आणि माणूस दमट हवेला नावं ठेवून पुढच्या कामाला लागतो. हा ४० चा आकडा त्या निर्देशांकात धोक्याच्या पट्ट्यात येतो. त्याच्या आधीच्या सावधानतेच्या पट्ट्यात उड्डाणापूर्वी जमिनीवर ९० मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही, धोक्याच्या पट्ट्यात ४५ मिनिटांपेक्षा जास्त नाही आणि दोन उड्डाणांमध्ये गार जागी किमान दोन तास. हे हेल्मेट, जी-सूट (वळणात रक्त पायांकडे उतरू न देणारा घट्ट पोशाख), जाड ओव्हरऑल घालून कमी उंचीवर उडणाऱ्यांसाठी आहे, प्रवासी विमानाला जसंच्या तसं लावता येणार नाही. पण जमिनीवर थांबण्याला घड्याळ लावावं, ही त्यातली कल्पना कुठल्याही विमानाला लागू पडते.

आपल्याकडे या उकाड्याची खरी किंमत मिग-२१ च्या पायलटांनी मोजली. उन्हाळ्यात राजस्थान-पंजाबच्या तळांवर कमी उंचीचं उड्डाण म्हणजे खाली दाट तापलेली हवा, वेगामुळे तापणारा विमानाचा पत्रा, डोक्यावर काचेची कॅनोपी आणि या सगळ्यापुढे अपुरं पडणारं कूलिंग. त्याआधी तळावर सज्ज राहण्याची पाळी असते, पट्टे आवळून, हुकूम येताच काही मिनिटांत उडायच्या तयारीत. शरीर तापलेलं आणि सुकलेलं असलं की रक्त आधीच कातडीकडे पसरलेलं असतं, त्यामुळे झटक्यात वळण घेताना डोक्याकडचं रक्त लवकर उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी आधी येते. एरवी जो पायलट पाच-सहा जी, म्हणजे शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट भार, सहज पेलतो, तोच त्या दुपारी कमी जीला करडं पाहायला लागतो. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला तेव्हा त्याच्या पराक्रमाच्या आठवणी निघाल्या, निघायलाच हव्यात. सहा दशकं त्या काचेखाली भाजत बसलेल्या माणसांनी सजगता कशी टिकवली, त्याचंही कौतुक तितक्याच मोठ्याने व्हायला हवं होतं.

प्रशिक्षणाच्या विमानांत तर एसी नसतोच बहुधा. गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर शिकणारी मुलं डायमंड डीए४० उडवतात. हे विमान फार देखणं, डोक्यावर अख्खी पारदर्शक कॅनोपी, चारी बाजूंना नजर जाते. विदर्भाच्या उन्हात तीच कॅनोपी जाच होते. म्हणून बनवणाऱ्यांनीच तिला दोन जागा दिल्या आहेत. एक पूर्ण बंद, आणि दुसरी किंचित वर उचललेली, तिला कूलिंग गॅप म्हणतात. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, पंख्याचा वारा त्या फटीतून आत येतो आणि जिवात जीव येतो. टेकऑफपूर्वी मात्र कॅनोपी पूर्ण बंद करून लॅच लावावाच लागतो, चेकलिस्टवर ती ओळ आहे. धोका इथेच आहे. ज्या दुपारी फट ठेवायची गरज पडते त्याच दुपारी ती मिटायची राहून जाण्याचा संभव जास्त. धावपट्टीच्या तोंडाशी रांग आहे, पाठीला शर्ट चिकटलाय, कंट्रोलर घाई करतोय, आणि ओळ वाचली जाते पण हात वर जात नाही. वाचलेली ओळ आणि हाताने चाचपलेला लॅच, यांतला फरक शिकवणाऱ्याने उन्हाळ्यात दुप्पट जोर देऊन शिकवावा. ओळ वाचताना बोट त्या जागी लागलंच पाहिजे, आणि मधे कोणी बोललं तर यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून.

अलीकडे एक नवा बिघाड भेटायला लागला आहे, तोही उन्हाचाच. कागदी चार्ट गेले, त्यांच्या जागी आयपॅड आला, आणि तो लावायची सोयीची जागा म्हणजे बाजूची काच. ॲपलच्या सांगण्याप्रमाणे आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा असतो. काचेला चिकटवलेला, उन्हात, चार्जिंगला लावलेला, ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला आयपॅड त्याच्या कितीतरी पुढे जातो. आधी तो स्वतःच उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी काळ्या पडद्यावर लिहून टाकतो की मला गार होऊ द्या. चार्ट गेला. नकाशा पाहता पाहता माणूस तो आयपॅड काढून एसीच्या झोतासमोर धरतो, हलवतो, दुसऱ्याच्या पडद्यात डोकावतो. दोघांची नजर एकाच वेळी आत गेली. त्या दोन मिनिटांत बाहेर काय झालं हे पाहायला कोणी उरत नाही. उपाय साधे आहेत: उतरायच्या आधीच चार्जिंगची वायर काढावी, जाड कव्हर काढून ठेवावं, जमिनीवर असताना आयपॅड काचेवरून काढून सावलीत ठेवावा, दोघांचे आयपॅड दोन वेगळ्या बाजूंना असले तरी एकाने लागणाऱ्या चार्टमधले आकडे आधीच कागदावर उतरवून घ्यावेत. आणि पडदा काळा झालाच तर आधी ठरलेलं असावं की गार करायचं काम एकाचं, विमान दुसऱ्याचं.

उपकरण बिघडलं की माणसं त्याच्यामागे जातात, हे जुनंच दुखणं आहे. आपल्या वांद्र्याच्या किनाऱ्यासमोर १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं सम्राट अशोक हे ७४७ कोसळलं आणि २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचा, विमान कुठे कललं आहे हे दाखवणारा कृत्रिम क्षितिजाचा पडदा उजवीकडे कललेला अडकला होता. विमान सरळ असताना तो त्यावर भरवसा ठेवून डावीकडे वळवत गेला. खाली काळा समुद्र, दिसायला क्षितिज नाही. तिसरं राखीव उपकरण बरोबर दाखवत होतं आणि फ्लाइट इंजिनिअरने तिकडे लक्ष वेधायचा प्रयत्नही केला. वेळ दोन मिनिटांपेक्षाही कमी होता. तिथे उकाड्याचा संबंध नव्हता. पण तीन उपकरणांतलं खोटं कोणतं हे ताडून पाहण्याची जी क्षमता त्या क्षणी लागते, तीच उकाडा सर्वांत आधी खातो. उन्हाने थकलेल्या क्रूसमोर असा बिघाड आला तर काय, हा प्रश्न मला सिम्युलेटरच्या गारेगार खोलीत कधी विचारलेला दिसत नाही. सराव २२ अंशांत होतो, बिघाड ४४ अंशांत भेटतो.

ऊब हीही तशी निरागस गोष्ट नाही. लहान पिस्टन विमानात हीटरची हवा इंजिनाच्या एक्झॉस्टच्या नळीभोवतीच्या कवचातून येते, नळीला भेग गेली की त्या ऊबेबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो, ज्याला वास नाही. २१ जानेवारी २०१९ ला फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या पायपर मालिबू विमानात होता ते इंग्लिश खाडीत कोसळलं. सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिन ५८ टक्के निघालं आणि पायलटलाही त्याची बाधा झाली असावी असा ब्रिटिश तपासाचा निष्कर्ष आहे. त्या विमानात वाजून इशारा देणारा डिटेक्टर असता तर पायलटला वेळेत कळलं असतं. रात्रीच्या उड्डाणात तर नुसती ऊबही पुरते. हातपाय कोमट झाले की झोप लवकर लागते, हे शरीराचं साधं वागणं. पहाटे २ ते ६ या वेळात शरीराचं घड्याळ आधीच झोपेकडे ओढत असतं. २२ मे २०१० ला दुबईहून मंगळूरला आलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या ८१२ मध्ये कॅप्टन बराच वेळ झोपलेला होता, कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरण्याचा आवाज आहे, आणि जाग आल्यानंतरचा जडपणा निर्णयांत उतरला असं चौकशीत नोंदवलं गेलं. १५८ माणसं गेली. नियंत्रित डुलकीला माझा विरोध नाही, उलट ती ठरवून, दुसऱ्याला सांगून, चाळीस मिनिटांच्या आत आणि उतरायला सुरुवात करण्याच्या बरीच आधी घ्यावी, हे उत्तमच. फक्त रात्री कॉकपिट २१-२२ अंशांवर ठेवावं. थंडी वाजते म्हणून २६ वर नेलेलं बटण पहाटे चारला कोणी मागे आणत नाही.

राहता राहिली टेक लॉग, म्हणजे विमानातले बिघाड नोंदवायची वही. कॉकपिट गरम आहे, एवढंच लिहून पायलट निघून जातो. रात्री इंजिनिअर येतो, बाहेर २८ अंश, तो पॅक चालू करतो, झोत गार लागतो, तो तपासलं, ठीक आहे असं लिहितो, आणि विमान सकाळी पुन्हा त्याच दुपारकडे निघतं. इंजिनिअरची चूक नाही, त्याला दोष दिसलाच नाही. लिहायचं असेल तर असं लिहावं: बाहेरचं तापमान इतकं, एपीयूवर होतो की इंजिनावर, बटण कुठे होतं, स्क्रीनवरच्या कॉन्ड पेजवर, म्हणजे वातानुकूलनाच्या पानावर, कॉकपिटचा आकडा किती, नळीतला आकडा किती, ट्रिम व्हॉल्व्हचा काटा गरमकडे होता की गारकडे, एक पॅक बंद केल्यावर फरक पडला का, पडला तर कुठल्या. नळीत गार आणि खोलीत गरम असेल तर गळती किंवा ऊन, नळीतच गरम असेल तर व्हॉल्व्ह, सगळ्याच विभागांच्या नळ्यांत गरम असेल तर हीट एक्स्चेंजर धुवायला झाला. इंजिनिअरला अंधारात शोधायला लागणारे दोन तास या चार ओळी वाचवतात. आणि त्याच पानावर एक ओळ माणसांसाठी असावी, जमिनीवर किती मिनिटं किती अंशांत बसलो, एवढीच. इंजिन बंद केल्यावर घामाने ओल्या हाताने हे लिहायला पाच मिनिटं लागतात, आणि खाली जिन्यापाशी पुढचा क्रू त्याच विमानात चढायला उभा असतो.